पंखा

घणसोली, सेक्टर सात, चौथा मजला.
पहाटे साडेपाचला मी सा लावते तेव्हा
कॅल्गरीत अजून सोमवार संपलेला नसतो.
शाल्मली ऑफिसातून नुकतीच आलेली असते,
पडदे ओढते, भैरवापुरता अंधार करते
आणि म्हणते, ताई, झाली पहाट.

पहिल्या महिन्यात एक विचित्र गोष्ट व्हायची.
मी सा लावायचे. एक, दोन, तीन –
चौथ्या सेकंदाला तिचा चेहरा
वाट चुकल्यासारखा व्हायचा.
ताई, आवाज गेला तुमचा.
मी तर गातच असायचे.
तंबोरा तिला कधी ऐकूच आला नाही.
तिच्या लेखी मी रोज तासभर
नुसता भोपळा कुरवाळत बसले होते.

हृषीकेशने उकलून सांगितलं.
तो महापेला असतो, त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत,
जिथे म्हणे साऱ्या जगाची उठाठेव साठवतात
आणि ती तापू नये म्हणून रात्रंदिवस गारवा फुंकतात.
आई, यंत्राला वाटतं तो पंखा आहे.
जे बराच वेळ एकसारखं वाजतं
ते कामाचं नसतं, ते पुसून टाकायचं,
असं शिकवलंय त्याला.
आणि कुत्रं भुंकलं तर?
तो विचारात पडला. थोडं ठेवील, म्हणाला.

मी हसले. मग भांडी घासताना हसू गेलं.
अकरा वर्षं खर्ज भरला होता मी
ठाण्यात, नौपाड्याला, ओगलेबाईंच्या पुढच्या खोलीत.
खाली पिठाची गिरणी.
बाई म्हणायच्या, गिरणी थांबेल, तू थांबू नकोस.
श्वास पुरेल तोवर. मग पुरत नाही तेव्हाही.
एवढं करून मी काय झाले?

पुढे त्याने एक बटण शोधून दिलं,
मूळ आवाज तसाच ठेवणारं.
तंबोरा कॅल्गरीला पोचला.
शाल्मली बराच वेळ काही बोलली नाही;
सर्दी झालीय, म्हणाली नंतर.

पण करंजाड्याचा भार्गव आणि त्याची धाकटी
आईच्या जुन्या फोनवरून शिकतात,
त्या फोनला ते बटण नाही.
त्यांच्यासाठी मी सा जरा –
कसं सांगू, हलवला नाही,
हलवला असता तर बाईंनी उठवून लावलं असतं –
आतल्या आत जागा ठेवला.
दूध तापत असताना
साय गप्प असते आणि खाली काहीतरी सरकत राहतं,
तसा.
यंत्र फसलं. सात सेकंद. एकदा तर चौदा.
पोरं मोठ्याने आकडे मोजतात,
सा तुटला की टाळ्या वाजवतात.
कशासाठी टाळ्या, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सूर धर, पण त्याचा खडा होऊ देऊ नकोस –
हे बाईंचं. तेव्हा मान डोलावली होती, कळलं नव्हतं.
त्यांना कुठे ठाऊक,
पुढे कुणी सूपच घेऊन बसेल
आणि खडे निवडून बाजूला टाकील.
अर्थात ते धड तांदूळही टाकतं.
त्याचं फार कौतुक नको.

काल रात्री झोप येईना.
ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडून
त्या इमारतीची घरघर येत होती. हृषीकेशची रात्रपाळी.
उठले, तंबोरा घेतला, जोड हळूहळू उतरवली
घरघरीला टेकेपर्यंत.
टेकली. काळी दोनच्या किंचित खाली.
सोसायटीने या आवाजाविरुद्ध अर्ज केलाय,
त्यावर तिसरी सही माझी आहे.
सही मागे घेणार नाही.
पण दिवा न लावता, साडेतीन ते पाच,
तिच्यावर खर्ज भरून घेतला.